लाभ, दोन, तीन आणि एक बेट

एकदा मी जालना जिल्ह्यातली बारा माणसं भूमध्य समुद्रात शिडाच्या होडीत बसवली, आणि ती होडी आहे हे मला धक्क्यावर उभा राहीपर्यंत माहीत नव्हतं.

मी सहलींचा धंदा करायचो. जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस होतं. खाली संकरित कपाशीचं बी मिळायचं, वर काश्मीर, काशी, दुबई आणि युरोप. चुकून वर आलेले शेतकरी "एकरी किती लागंल?" असं विचारायचे आणि चुकून खाली गेलेले प्रवासी व्हिसा मागायचे. असो. तर परदेशातल्या एका कंपनीनं मला ग्रीसच्या बेटांचा कागद पाठवला. त्यावर 'क्रूझ' हा शब्द होता. फोटोत मावळता सूर्य होता आणि पांढरी शिडं होती. नवरदेवाच्या घोड्याला तुरा लावतात तशी ती शोभेला लावली असतील, असं मला वाटलं. मी जाहिरात छापली तेव्हा माझ्या कल्पनेतलंच जहाज छापलं. बारा मजले, वर पोहण्याचा तलाव, तलावात घसरगुंडी.

कोस नावाच्या बेटावर आम्ही उतरलो. धक्क्याला एक लाकडी होडी झुलत होती. दोन डोलकाठ्या, सात केबिनी, आणि एकेक केबिन रेल्वेच्या वरच्या बर्थला दार बसवल्यासारखी.

नंदलालशेठ माझ्याजवळ आले. जालन्यातले बियाण्याचे मोठे व्यापारी. माझ्या ऑफिसचे घरमालकही तेच. डोळ्यांना सोनेरी काडीचा गॉगल.

"सोनवणे, ही आपल्याला मोठ्या जहाजापर्यंत सोडणार ना?"

"शेठ, हेच ते."

"हेच?"

"हेच."

"अन् पोहायचा तलाव?"

मागून खरात बाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, बाहेर बघा. तलावच तलाव हाय."

या खरात बाई परतूरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तो दिवस मला आठवतो. "जय भीम" म्हणून समोर बसल्या आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, जो माझ्या सगळ्या धंद्यात कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात जेवण आपलं मिळेल का, संडास कसले आहेत, फुकटात काय काय आहे. बाईंनी विचारलं, "बेट दिसायला लागल्यापासून तिथं पोचेपर्यंत किती वेळ मिळतो?"

"बाई, अजिबात वेळ वाया जाणार न्हाई. झटकन पोचतो आपण."

"मंग न्हाई जमायचं," म्हणून त्या उठल्या. उठता उठता त्यांची नजर त्या कागदावर गेली. "ही तर शिडाची दिसून राह्यली. मंग हळूच जाईल की."

"हो, हो, एकदम हळू," मी कागदाकडं न बघताच म्हणालो. म्हणजे होडी कसली आहे हे माझ्या बारा गिऱ्हाइकांपैकी एका व्यक्तीला माहीत होतं. मालकाला नव्हतं.

मग बाईंनी बसून सांगितलं. "फळ्यावर बेट काढायला खडूचा एक गोल लागतो. आधी न्हाई, मंग एकदम हाय. एका पोरीनं विचारलं होतं मला, बाई, खरं बेट लांबून येतंय तवा आधी काय दिसतं? मी म्हटलं, ते पुस्तकात न्हाई. तिला गप बसवलं मी, पण माझंच डोकं गप बसलं न्हाई. मला बाकी काही बघायचं न्हाई, सोनवणे. बेट कसं येतं तेवढं एकदा बघायचंय."

मी म्हणालो, "दाखवू की." आम्हा सहलवाल्यांची जीभ अशीच असते.

*

आता आमचा धंदा थोडा समजावून सांगतो, कारण पुढची फजिती त्याच्याशिवाय कळायची नाही. टूर मॅनेजर म्हणजे गाईड नव्हे. गाईड इतिहास सांगतो, मॅनेजर माणसं मोजतो. बसमध्ये चढताना मोजायची, उतरल्यावर मोजायची, देवळात शिरताना, किल्ल्यातून निघताना, जेवायला बसताना. माणूस हरवला की तुमचा मॅनेजर संपला. आणि मोजायचं तर तोंड माणसांकडं पाहिजे. म्हणून आम्ही उलटं चालतो. हातात छत्री उंच धरून, मागं न बघता, पाय न अडखळता. मी अर्धं जग उलट्या पावलांनी चाललो आहे. पॅरिसचा तो लोखंडी मनोरा मी पाहिला तो नंदलालशेठच्या गॉगलमध्ये, बोटभर उंचीचा आणि डावीकडं थोडा वाकलेला.

माझी मोजायची पद्धत वडिलांची. ते परतूरच्या मोंढ्यात मापाडी होते. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापात बरकत असते, तिला आकड्यात बांधायचं नसतं. मीही माणसं तशीच मोजायचो. आणि या सहलीत का कोण जाणे, पहिल्या दिवशी पहिल्या उभ्या होत्या खरात बाई, त्यामुळं त्या 'लाभ' झाल्या त्या झाल्याच. सगळे हसायचे, पण लाभ जागेवर आल्याशिवाय माझी मोजणी सुरू होत नसे, आणि मोजणी झाल्याशिवाय पंगतीत वाढायचं नाही हा माझा कायदा होता.

पंगत खरीच होती. आमच्याबरोबर कुंभार पिंपळगावचे बाबूराव आचारी होते. लग्नात हजार पानं उठवणारा माणूस. होडीच्या स्वयंपाकघरात त्यांना एका वेळी एकच कोपर हलवता यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या तेव्हा ग्रीक कॅप्टन, यानी त्याचं नाव, खोकत वर पळाला. होडीला आग लागली म्हणून तो पाण्याच्या बादल्या शोधत होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेऊन सुकाणूजवळ बसलेला दिसला. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास.

मंडळींचा राग मात्र ठेच्यानं जाणारा नव्हता. त्यांना घाई होती. घाई ही आपल्या सहलीची कुलदेवता. "एवढ्या दिवसांत किती बेटं झाली?" हा प्रश्न रोज. शिडं उघडली की यानी इंजिन बंद करायचा आणि होडी आपली बैलगाडीच्या चालीनं निघायची. शेठ म्हणायचे, "सोनवणे, त्याला म्हणावं इंजिन चालू कर, जल्दी चल. डिझेल काय लोणच्याला ठेवलंय का?" मी यानीला सांगायचो. तो आकाशाकडं बोट दाखवायचा. वारा आहे तर इंजिन कशाला?

आणि इंजिन बंद झालं की काय व्हायचं, ते मला नीट सांगता येत नाही. आज इतक्या वर्षांनीही नाही. घरातला पंखा बराच वेळ चालू असावा आणि अचानक लाईट जावी, तेव्हा आपल्याला कळतं की आवाज चालू होता. तसं. मग पाण्याची लाकडावर हलकी थाप, दोऱ्यांची कुरकुर, आणि शिडात वारा भरला की एक लांब, खोल 'हूं'. म्हातारं माणूस झोपेत हुंकार देतं तसा. त्या वेळी मी काय करत होतो? मी दुपारच्या चिवड्याच्या पुड्या मोजत होतो.

बेटं येत होती. कोसच्या जुन्या गावात एक अवाढव्य पसरलेलं झाड दाखवलं, त्याखाली बसून प्राचीन काळी वैद्यक शिकवायचे म्हणे. बाबूराव म्हणाले, "सावली बराबर हाय. शंभर पानं बसतील." निसिरोसला ज्वालामुखीच्या तोंडात उतरलो, तिथल्या गंधकाच्या वासानं शेठना गावातला कारखाना आठवला आणि ते हळवे झाले. पण बाईंचं बेट काही येईना. एकदा धुकं होतं. एकदा आम्ही अंधारून आल्यावर पोचलो. एकदा शेठच्या आग्रहानं इंजिन लावलं आणि बेट नुसतं अंगावर धावून आलं. यानीनं मला सांगितलं, निसिरोसहून सिमीला जाताना वारा चांगला असतो, हवा स्वच्छ असते. त्या बाईला पुढं बसव.

मी बाईंना पुढं बसवलं. होडीच्या अगदी टोकाला, गादी टाकून. "बाई, आज तुमचं बेट," म्हणालो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा त्यांचा मोठा काळा चष्मा, डोक्यावर पदर, पदराचं टोक कमरेला खोचलेलं. दुपार होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

आणि दुपारी बाबूरावांनी खालून हाक दिली, "मालक, भाकरी गार होऊन राह्यल्या!"

मंडळी खाली जाऊन बसली. पानं मांडली. मी मोजायला उभा राहिलो आणि लाभच नाही. मी वर गेलो.

"बाई, चला. पंगत खोळंबली."

"सोनवणे, अजून जरा. तिकडं काहीतरी हाय, बघा. धूर हाय का ढग हाय, कळून न्हाई राह्यलं."

मी बघितलं नाही. मी घड्याळ बघितलं. "बाई, बेट काय पळून चाललंय का? पाच मिनिटं. तुमच्याबिगर मला मोजता येत न्हाई."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग उठल्या. दुसऱ्याला खोळंबून ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि मला ते माहीत होतं.

खाली मी थाटात मोजलं. लाभ, दोन, तीन. पिठलं झकास जमलं होतं. शेठना त्या दिवशी एक किस्सा आठवला, त्याला दुसरा जोडून आला, बाबूरावांनी दुसऱ्यांदा पिठलं फिरवलं. मधे कधीतरी शिडं उतरल्याचा आवाज झाला, इंजिन घरघरलं, नांगराची साखळी खळखळली. आम्ही ताक पीत होतो.

वर आलो तेव्हा चारी बाजूंनी गाव. डोंगराच्या उतारावर पायरीपायरीनं चढत गेलेली पिवळी, गुलाबी, निळी घरं. आमची दोरी धक्क्याला बांधलेली, आणि एक मांजर आमच्याकडं बघत बसलेलं.

बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"आलं का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं."

एवढंच. शिव्या खाल्लेला माणूस मी. बस बंद पडली म्हणून, खोलीत गरम पाणी नाही म्हणून. पण त्या 'बरं'नंतर मी उतरताना माणसं मोजायला विसरलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आम्ही रोड्सला जाणार होतो. तिथून परतीचं विमान. रोड्सला शूरवीरांचा किल्ला आणि किल्ल्यात मोठा बाजार. मंडळींची सगळी खरेदी तिथंच ठरलेली. मी यानीजवळ गेलो आणि माझ्या फुटक्या इंग्रजीत विचारलं, सकाळी बाहेर खूप लांब जाऊन, फिरून, परत इथंच येता येईल का? यानी मोठ्यानं हसला. म्हणाला, वाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण तुमचा बाजार जाईल.

मी मंडळींपुढं उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बाईंना हवं होतं ते एकच, आणि ते मी पिठल्यासाठी घालवलं. परत जायचं तर रोड्सचा बाजार बुडेल. काय करायचं?

एकच कल्ला झाला. आलेल्याच गावाला परत यायचं? पै-पाहुण्यांना काय न्यायचं, वारा? बाई म्हणाल्या, "सोनवणे, कशाला? माझ्यापायी न्हाई." आणि त्या खाली निघाल्या.

नंदलालशेठ पुढं आले. मला वाटलं आता हे फाडून खाणार. त्यांनी गॉगल काढला.

"सोनवणे, तुझा बाप मापाडी होता ना? मंग एक सांग. मोंढ्यात ढीग मोजताना पहिल्या मापालाच खोट आली तर काय करत्यात?"

"ढीग मोडून पुन्हा मोजत्यात, शेठ."

"कुठून?"

"लाभापासून."

"मंग?" शेठ सगळ्यांकडं फिरले. "लाभच खोटा पडला तर आपण बाकीचे अकरा काय कामाचे? बिलकुल पुन्हा मोजायचं. बाजार काय, आपल्या जालन्यात न्हाई का? बाई, थांबा तिथंच. जायचं न्हाई खाली."

व्यापाऱ्याला माणूस समजावून सांगायला मला इतकी वर्षं जमलं नव्हतं. त्याला माप समजत होतं, हे मी विसरलो होतो.

सकाळी आम्ही निघालो. सिमी मागं पडत पडत पुसून गेलं, नुसतं पाणी उरलं, तेव्हा यानीनं होडी वळवली, शिडं भरली आणि इंजिन बंद केलं. बाई टोकाला. आणि मी पहिल्यांदाच बघितलं, बाकी सगळेही वर येऊन बसले होते आणि कुणी अंताक्षरी लावली नव्हती. बाबूराव पीठ लागलेले हात तसेच घेऊन उभे होते.

बाई हळू आवाजात, वर्गात सांगतात तसं, सांगत गेल्या. "आधी धूर. मंग धुराला कड आली. आता म्हशीची पाठ. आता अंबडच्या मत्स्योदरी देवीचा डोंगर हाय बघा, तसाच, माशावानी. झाड न्हाई, घर न्हाई, कोण राहत असंल इथं असं वाटावं असा उघडा डोंगर." कितीतरी वेळ तेच. नुसता उघडा, राखाडी डोंगर, जरासा मोठा होत जाणारा. मला वाटलं झालं, एवढंच. आणि मग होडीनं एक टोक ओलांडलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकच 'अगं बया' निघालं. डोंगरानं मुठीत लपवलेलं ते रंगीत गाव एकदम उघडलं होतं.

"आलं," बाई म्हणाल्या. कालच्यासारखा प्रश्न नव्हता तो.

*

आता ऑफिस बंद केलं. हल्ली लोक मोबाईलवरच जग बुक करतात, आणि माणसं मोजायला मॅनेजर लागत नाही. माडीवर शेठच्या मुलानं आणखी बियाणं भरलं. मी घरी असतो. पण मधूनच काहीतरी होतं. परवा वडीगोद्रीवरून येताना हायवेला कापसाची एक गाडी पुढं चालली होती. तिच्यावरची ताडपत्री एका बाजूनं सुटली, तिच्यात वारा भरला आणि तोच 'हूं' झाला. लांब, खोल. मी स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो. गाडी पार दिसेनाशी झाली तरी उभा राहिलो. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं का?"

त्या सहलीनंतर मी दहादा बायकोला म्हणालो असेन, सुमन, तुला ते बेट दाखवतो. मॅनेजरच्या बायकोला सहलीत जागा नसते. तीही जागा विकायची असते. तिचा पासपोर्ट मी हौसेनं काढला होता. तो कोरा राहून मुदतीबाहेर गेला. त्याऐवजी मी तिला बेट सांगायचो. आधी धूर. मग म्हशीची पाठ. मग मत्स्योदरीचा डोंगर. मग टोक ओलांडलं की गाव. ती भाजी निवडता निवडता ऐकायची. आताशा ती माझ्या आधीच पुढचं वाक्य म्हणते.

मागच्या महिन्यात खरात बाई डोळे दाखवायला जालन्याला आल्या होत्या, तेव्हा दुपारी घरी जेवायला आल्या. पानं मांडली. मी सवयीनं म्हणालो, लाभ, आणि बाई हसल्या. मग मला राहवलं नाही. मी सुमनला आणि त्यांना दोघींना बेट सांगायला लागलो. हातवारे करून. मी म्हशीच्या पाठीपर्यंत पोचलो तेव्हा बाईंनी भाकरी मोडायची थांबवली.

"सुमनताई," त्या म्हणाल्या, "हे समदं मी बोलले होते तवा. शब्दन् शब्द. ह्यांनी कुठं बघितलंय?"

"म्हंजे?" सुमननं विचारलं.

"ते तर बेटाकडं पाठ करून उभे होते. आम्हाला मोजून राह्यले होते."

खरं होतं ते. पण पूर्ण खरं नव्हतं. मी मोजत नव्हतो. मी बाईंचं तोंड बघत होतो. आदल्या दिवशीचं ते 'बरं' त्यांच्या तोंडावरून पुसलं जातंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणि गाव उघडलं ते मला त्यांच्या काळ्या चष्म्यात दिसलं. दोन भिंगांत दोन. करंगळीच्या नखाएवढी पिवळी, गुलाबी घरं, पायरीपायरीनं चढलेली. वळून बघायचं मला सुचलंच नाही. सुचलं तोवर दोरी बांधून झाली होती.

हे सगळं मी दोघींना सांगितलं. चष्म्याचंही. मी म्हणालो, "म्हणून म्हणतो, सुमन, एकदा जायचंच. तू अन् मी. या वेळी मी सरळ तोंड करून बसणार."

सुमननं बाईंच्या ताटात भाकरी वाढली, माझ्या ताटात वाढली, आणि म्हणाली,

"मी जाईन बाईंसंगं. तुम्हाला कशाला एवढ्या लांब न्यायचं? पाठ करून उभंच ऱ्हायचं तर आपल्या जालन्याचा मोती तलाव काय वाईट हाय? रिक्षानं जाता येतं."